तहानलेली ठिगळे

एकदा एक रंगारी भरदुपारी भिंतीवर चिडून बसला होता. भिंतीवर चिडणे हे शहाण्याचे लक्षण नव्हे, हे मान्य. पण ठेच लागल्यावर आपणही उंबऱ्यालाच बोल लावतो, तेव्हा त्याला हसण्याआधी त्याची अडचण ऐकून घेऊ.

त्याचे नाव जनार्दन. वय पस्तिशीचे. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या रंगवी. छापील फलक आले आणि तो धंदा बसला, तेव्हा एका वृद्ध रंगाऱ्याच्या हाताखाली तो घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवायला शिकू लागला. त्या वृद्धाला सारे गाव वस्ताद म्हणे. कडधान्याच्या एका व्यापाऱ्याचे घर वस्तादांनी प्रथमच एकट्या जनार्दनवर सोपवले होते. भिंती खडबडीत, त्यात जागोजाग तडे. गवंड्याने ते बुजवून वर नवा गिलावा थापला होता आणि तो पुरता वाळलाही होता. व्यापाऱ्याने स्वतः चमकदार रंग निवडला आणि एकच अट घातली, "ठिगळं दिसता कामा नयेत."

जनार्दनने पूर्वेची भिंत घेतली. एक हात दिला, ठिगळे दिसली. दुसरा दिला, तरी दिसली. तिसरा हात वाळला तेव्हा बाकीची भिंत लखलखत होती आणि ठिगळे तेवढी निस्तेज होती. रंग तोच, ब्रश तोच, मेहनत तीच. कुठे तसूभरही कसूर नव्हती. बिचाऱ्याची मती गुंग झाली.

खरे तर त्याची मती आदल्या रात्रीपासूनच ठिकाणावर नव्हती. वर्षापूर्वी त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी अपघातात गेले आणि त्यांची नऊ वर्षांची शेवंता त्याच्या घरी आली. त्याची स्वतःची कुंदा तिच्याच वयाची. दोघींत भेद करायचा नाही, असे त्याने मनाशी पक्के ठरवले आणि ते अक्षरशः पाळले. कापड एकाच ताग्यातले, वह्या सारख्या, आंब्याच्या फोडीसुद्धा मोजून सारख्या. एकीला हाक मारली तर दुसरीलाही मारायची. इतके करून काल जेवताना शेवंता हळूच म्हणाली होती, "काका, रविवारी मामा येतोय ना, मी त्याच्याकडेच राहू का? कायमची?"

"तुला इथं काही कमी आहे का गं?" जनार्दनने विचारले होते.

"नाही," एवढेच ती म्हणाली. आज शनिवार होता. भावाची एकुलती एक खूण उद्या घरातून जाणार होती, आणि आपले काय चुकले हे त्याला कळत नव्हते.

तेवढ्यात वस्ताद काठी टेकत आले. त्यांनी पूर्वेची भिंत पाहिली. मग उत्तरेच्या, अजून नव्या रंगाचे बोटही न लागलेल्या भिंतीकडे वळले, पाण्याची बादली उचलली आणि सबंध पाणी तिच्यावर फेकले.

"अहो वस्ताद!" जनार्दन ओरडला. "कोरडी ठेवायची ना भिंत? मीच सकाळी झाडून पुसून ठेवलीय!"

"वाळेल ती. आधी बघ."

जनार्दनने पाहिले. जुन्या भिंतीवरून पाणी ओघळून खाली आले. नव्या गिलाव्याच्या ठिगळांनी मात्र ते जागच्या जागी शोषून घेतले आणि ती काळपट झाली.

"जुन्या भिंतीनं आजवर सात-आठ हात रंग प्यायलाय," वस्ताद म्हणाले. "तिचं पोट भरलेलं आहे. हे ठिगळ नुकतंच आलं, कोरडं ठणठणीत. तू दोघांना सारखं वाढलंस. पोट भरलेलं होतं तिच्या अंगावर ते दिसलं. उपाशी होतं त्यानं गिळून टाकलं आणि पुन्हा कोरडंच राहिलं. म्हणून आधी फक्त ठिगळांना पाजायचं. पातळ प्रायमर, ब्रश टोचून टोचून, खाचाखोचांत. ती प्यायची थांबली की मगच सगळ्या भिंतीला सारखा हात. आणि तो चकचकीत रंग परत कर. खडबडीत भिंतीला चकाकी दिली की तिरप्या उन्हात तिचा एकेक खड्डा बोंब मारतो. बिनचमकीचा आण. शेटजींना मी समजावतो."

जनार्दनने एका काळपट ठिगळाला हात लावून पाहिला. मग त्याने विचारले, "पण वस्ताद, एकालाच आधी द्यायचं, वेगळं द्यायचं, हा दुजाभाव नाही का?"

वस्ताद हसले. "भिंतीत कसला आलाय दुजाभाव? लेका, शेवटी सगळं सारखं व्हायला हवं असेल, तर सुरुवातीला सारखं देऊन भागत नाही."

जनार्दनने ब्रश खाली ठेवला. "वस्ताद, मी जरा घरी जाऊन येऊ?"

"आत्ता? अरे, ठिगळं..." वस्ताद म्हणेपर्यंत तो फाटकाबाहेर पडलाही होता. हा का पळाला, हे त्या शहाण्या म्हाताऱ्याला काही उमगले नाही.

शाळा सकाळचीच होती. कुंदा अंगणात लंगडी खेळत होती, शेवंता पायरीवर एकटी बसली होती. जनार्दनने तिला हाक मारली तशी सवयीने कुंदाही धावत आली. "तू खेळ बाळा," तो म्हणाला. "मला हिच्याशी बोलायचंय."

मग तो पायरीवर शेवंताजवळ टेकला आणि भावाविषयी बोलू लागला. मुलीला वाईट वाटेल म्हणून वर्षभर या घरात त्याने ते नावच काढले नव्हते. तुझ्या बाबाने मला पोहायला शिकवतो म्हणून विहिरीत कसे ढकलले, आणि मग घाबरून स्वतःच कशी उडी घेतली, हे सांगताना त्याने बाहीने डोळे पुसले.

"बाबा कधी रडायचे का?" शेवंताने विचारले.

"एकदाच पाहिलं मी."

"कधी?"

"तू झालीस तेव्हा."

शेवंता त्याच्याकडे सरकली. "अजून सांगा," ती म्हणाली. मामाकडे जाण्याची परवानगी सोडली, तर वर्षभरात तिने काकाकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.