लाखेचा छाप

त्या मुलखात घरं सगळी जमिनीखाली होती, आणि भिंती सगळ्या तडकणाऱ्या. तडा गेला की त्यातून साप येई. म्हणून टेकडीवरच्या घुशी बारमाही लिंपणाची माती मळत आणि पानांत बांधून बिळाबिळांत पाठवत. सापही काही कमी नव्हते. त्यांनी एकदा मीठ मिसळलेली माती पाठवली. ओल लागताच ती ढासळली आणि तीन घरं निर्वंश झाली.

तेव्हापासून प्रत्येक पानावर लाखेचा छाप लागे. छाप मारण्याचं काम येसूआत्या या म्हाताऱ्या सायाळीकडे होतं. बिळोबिळी फिरून तिनंच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: आणणारा कोण ते बघू नका, छाप बघा.

शिक्का कड्याच्या कपारीत असे. तिघा वडीलधाऱ्यांनी मिळून धोंडा सरकवायचा, आत्यानं माती चाखायची, मगच छाप. नियम चांगला होता, पण नियम करणाऱ्यांना रोज कडा चढावा लागत नव्हता. त्या साली तडे फार गेले. घुशी सकाळी माती पाठवत आणि दुपारी म्हणत, पाणी जास्त झालं, पुन्हा मळली. पुन्हा चढा. आत्याचे गुडघे कामातून गेले.

"तडा काय तुमची वाट बघत थांबतो होय, आत्या?" मुकादम घूस म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एका सकाळी आत्यानं ढीगभर कोऱ्या पानांवर एकदमच छाप मारून ठेवले. माती मागाहून भरा म्हणाली.

चार दिवसांत त्यातली काही पानं नाहीशी झाली, आणि आठवड्यात दोन बिळं ढासळली. आत्यानं कुणावर ढकललं नाही. "हे माझ्या हातानं झालं," म्हणाली, आणि शिक्का दगडावर ठेचून फोडला. नवा कोरून घेतला.

खरी पंचाईत पुढेच होती. शिक्का बदलल्याचं कळवायचं कोणत्या शिक्क्यानं? नवा कुणी ओळखत नव्हतं, आणि जुन्याची पानं सापांकडे होती. शेवटी नव्या मातीचा पुडा घेऊन आत्या स्वतःच निघाली. पहिली गेली ती नदीकाठच्या बिळाकडे. तिथं तिची भाची गोदी तीन पिलांसह राहत होती. आई गेल्यावर गोदीला आत्यानंच वाढवलं होतं, आणि तिचा सगळा जीव त्या बिळात अडकला होता.

"गोदे, मी आहे. जुन्या छापाची माती लावू नकोस, ती सापांची आहे. ही घे."

गोदी आतूनच म्हणाली, "आत्या, कालच पान आलंय. कुणी नवा छाप घेऊन आलं, अगदी ओळखीच्या आवाजात बोललं, तरी दार उघडू नका, असं लिहिलंय."

"त्याच्यावर छाप कुणाचा?"

"तुझाच."

"अगं, दाराच्या फटीतून मला बघ तरी."

"आणणाऱ्याला बघायचं नाही, हे तूच शिकवलंस ना गं." गोदीला रडू फुटलं होतं. तरी तिनं दाराला ओंडका लावलाच.

पोर शिकवल्याप्रमाणे वागली याचं कौतुक करावं की कपाळ बडवून घ्यावं, आत्याला कळेना. ती नदीकडच्या भिंतीला वळसा घालून गेली. तिथं हातभर तडा होता, आणि मागच्या गवतात सळसळ चालू होती. बाहेरून माती लावून उपयोग नव्हता; ओली भिंत ती धरत नसे.

आत्यानं काटे फुलवून पाठ गवताकडे केली आणि छाती तड्यावर दाबून ती भिंतीला घट्ट चिकटली.

आतून गोदीचा आवाज आला, "तड्यात काहीतरी शिरलंय. भरा लवकर."

ओल्या मातीचा पहिला गोळा आत्याच्या तोंडावर बसला. तो खारट होता. ती हलली नाही. आत तिन्ही पिलं आपल्या चिमुकल्या पंजांनी माती नीट चापूनचोपून बसवत होती.