कोरे तळवे

हवी ती वस्तू लिलावात घ्यायला पैसे पुरेसे नसतील, तर तुम्ही काय कराल?

सांगलीच्या एका क्लबात जुन्या क्रिकेट सामानाचा लिलाव होता. बडे संग्राहक अप्पासाहेब शिराळकरांनी विकेटकीपरचे ग्लोव्हज उचलले.

"हे क्लबाच्या जुन्या कप्तानांचेच! माझी नजर चुकत नाही. पाच हजार!"

मागून कुंदाताई उठल्या. "अप्पासाहेब, कप्तानांनी वीस वर्षं चेंडू अडवले. तळव्यावर चेंडूची एक तरी खूण दाखवा."

खूण नव्हतीच. लोक हसले.

"मग कोणाचे हे?"

"आमच्या ह्यांचे. ते कायम राखीव. शेवटपर्यंत मैदानात उतरले नाहीत."

"असले मला नकोत. तुम्हीच घ्या!"

कुंदाताईंना ते शंभर रुपयांत मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्लोव्हज उन्हात ठेवले आणि शेजारी बसून एकटीनं चहा घेतला.