साळिंदरांचा नकार

फार जुन्या काळी एका लाल डोंगरावर साळिंदरं राहत, मेलेल्यांना तिथेच पुरत. पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांच्यात पाप. मान खाली घालून गप्प बसायचं, तोच नकार.

एकदा लोखंडाचे दगड शोधत कोल्हा आला. सगळ्यांना जमवून त्याने विचारलं, "खणू ना डोंगर?"

सगळे मान खाली घालून गप्प बसले.

"बघा, कुणाचीच हरकत नाही!" असं म्हणून त्याने रानडुकरांना खणायला लावलं.

डोंगराचा खड्डा झाला. म्हातारी साळू कोल्ह्याकडे गेली. "बाबा रे, आमच्या पूर्वजांची हाडं तरी परत दे."

कोल्हा मान खाली घालून गप्प बसला.

साळू थिजली. म्हणजे आपली रीत याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती!