छत्रीवरची सही

दाराशी बादलीत ठेवलेल्या माझ्या छत्रीभोवती दोरी बांधलेली दिसली आणि मी दचकलेच. चार माणसं तिच्याकडे गंभीरपणे पाहत होती. मला काही कळेना. कोल्हापूरच्या त्या आधुनिक कलादालनात मी नुसता पाऊस चुकवायला शिरले होते, आणि आता पाचची एसटी गाठायची होती.

"ही माझी छत्री..."

"हात लावू नका!" दालनाचे संचालक गरजले. "कलाकृती आहे ती. ही बघा कलाकाराची सही, ऋजुता पेडणेकर."

छत्री हरवू नये म्हणून आईने रंगवून घेतलेलं माझंच नाव! मी कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं.

"सही माझीच, सर. पण पावसात उघडल्याशिवाय ही कलाकृती पूर्ण होत नाही."

संचालक अदबीने बाजूला झाले. मी हाक मारली, "अहो, कुणी दोरी सोडता का?"

"आलो, ताई!" आतून पहारेकरी म्हणाला. "माझी बादलीपण सोडवा, आत छत गळतंय."