कोरडी जमीन

त्या राज्यात सगळी प्रजा मातीची होती, आणि ज्याच्या पोटात पाणी टिकते तो सज्जन, एवढेच तिथले नीतिशास्त्र होते. ज्याच्या खाली ओल दिसे त्याला कोणी तोंडावर काही बोलत नसे. त्याच्या दारावरून जाताना लोक फक्त पाऊल जरा उचलून टाकत.

उत्तरेच्या सीमेवर वणवा लागला तेव्हा पक्क्या भाजणीची मंडळी पाण्याने भरून आगीवर धाडण्यात आली. जी तिथेच फुटली त्यांची खापरे राजवाड्यासमोरच्या चौथऱ्यात बसवली गेली. ज्यांचे काठ उडाले, ज्यांच्या कुशीला भोक पडले, त्यांना सरकारी सावलीत जागा आणि रोजचे भरणे मिळाले. जी अखंड परतली त्यांना हार मिळाले. हार स्वस्त पडतात.

डेरबा अखंड परतला होता. तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी पडल्याने त्याच्या आत कुठेतरी केसाएवढी चीर गेली होती. ती डोळ्यांना दिसत नसे, टिचकीला सापडत नसे. ज्वाळा दिसली की मात्र ती उघडे. शेजारी नुसती चूल पेटली तरी डेरबा आतून थरथरू लागे आणि थोड्या वेळाने त्याच्याखालची जमीन ओली होई. झोपेतही होई, कारण झोपेत वणवा बघायला सीमेवर जावे लागत नाही.

त्याची बायको सुगडाबाई चणीने लहान, पण हाताला चपळ. आळी जागी होण्याआधी ती कमरेचे फडके काढी आणि जमीन टिपून घेई. मग वरून राख भुरभुरून ती पुन्हा पुसून काढी. तेवढा वेळ डेरबा भिंतीकडे तोंड करून बसे. या विषयावर नवरा-बायकोत एक अक्षरही होत नसे. सुगडाबाईने घरातली चूल बंद केली आणि ह्यांना गारच अन्न मानवते असे शेजारणींना सांगून टाकले. शेजारणींना ते फार खानदानी वाटले.

हे असे किती दिवस रेटायचे? भरलेले पाणी दुपारपर्यंतही टिकेना. कायदा असा होता की ज्याच्यात पाणी टिकत नाही आणि ज्याला सरकारी भरणेही नाही, त्याला पावसाळ्यापूर्वी गावाबाहेर खापरांच्या उकिरड्यावर हलवावे. उन्हाळा अर्धा सरला होता. शेवटी डेरबाने मान खाली घालून तडे-तपासणी मंडळाकडे सरकारी भरण्यासाठी अर्ज केला.

मंडळाच्या दालनात गालिचे होते. ते खराब होऊ नयेत म्हणून अर्जदाराने रिकामे होऊन आणि अंग पुसून यावे असा दंडक होता. मंडळाचे कारकून बोळके यांनी डेरबाला चारी बाजूंनी न्याहाळले, तीन ठिकाणी टिचकी मारली आणि नाद खणखणीत असल्याबद्दल त्याचे अभिनंदन केले. अर्जदार तपासणीत पूर्णपणे कोरडा आढळला, असा निकाल झाला. डेरबाने हळूच सुचवले की चीर भरल्यावर कळते. बोळक्यांना ते पटले. भरलेल्या अर्जदाराची तपासणी करता येईल, असे ते म्हणाले. फक्त भरलेल्या अर्जदाराला आत घेता येत नाही. बोळके मनाने वाईट नव्हते. त्यांच्यात आजवर कोणी काही भरलेच नव्हते, इतकेच.

राहिला एकच मार्ग, तो म्हणजे मंडळाचे अध्यक्ष रांजणराव यांच्यापुढे अपील. रांजणरावही त्याच वणव्यातून अखंड परतले होते आणि त्यांचा वाळलेला हार अजून भिंतीवर होता. पदाच्या मानाने ते काठोकाठ भरलेले असत. दालनातल्या चौथऱ्यावरची त्यांची गादी चांगली हातभर जाड होती, आणि दालन रिकामे झाल्याखेरीज ते तिच्यावरून उठत नसत. याला लोक भारदस्तपणा म्हणत.

अपिलात साक्षीदार आणण्याची मुभा होती. डेरबाने शेजारच्या मोघाकाकूंना गळ घातली. काय सांगायचे ते मात्र त्याच्याने सांगवले नाही. खरे तेच सांगा, एवढे तो पुटपुटला. काकूंच्या मागोमाग सगळी आळी लोटली आणि दालनाच्या दाराशी दाटीने उभी राहिली.

रांजणरावांनी काकूंना विचारले की अर्जदाराच्या घरात कधी ओल पाहिली आहे का. काकूंना हा प्रश्न अब्रूवर घाला वाटला. भल्या माणसाच्या घरच्या ओलीची चौकशी चारचौघांत करायची, म्हणजे काय? त्यांनी पदर सावरला आणि आवाज चढवला.

"ओल? साहेब, ह्यांच्याइतकी कोरडी जमीन आमच्या आळीत कुणाची नाही. माझी स्वतःचीसुद्धा नाही, आता बोला."

दारातल्या आळीने माना डोलावल्या. आपण डेरबाचे किती भले केले या समाधानात काकू खाली बसल्या.

रांजणरावांनी सुगडाबाईकडे पाहिले.

"घरचं माणूस काय म्हणतं?"

सुगडाबाई उभी राहिली. फडके तिच्या मुठीत होते. ती दाराकडे न बघता बोलू लागली.

"साहेब, पहाटे मी उठते तेव्हा ह्यांच्या खाली..."

दारातली कुजबुज थांबली. कोणीतरी पाऊल जरा उचलून मागे घेतले. डेरबाने ते पाहिले.

"जमीन कोरडीच असते," तो म्हणाला. "बाई माणूस आहे, घाबरलीय. काकू सांगतात तेच खरं."

सुगडाबाईने त्याच्याकडे पाहिले आणि ती खाली बसली. रांजणरावांनी सुटकेचा श्वास टाकल्यासारखे डेरबाला वाटले. पण त्या वेळी त्याला कशाचीच खात्री नव्हती. अपील फेटाळले गेले. निकालावर मोहोर करायची म्हणून बोळक्यांनी समई पुढे ओढली आणि ज्योतीवर लाखेची कांडी धरली. डेरबा आतून थरथरला. पण तो रिकामा होता, तेव्हा त्याच्यातून गळायचे काय?

आळी पांगली. जाता जाता दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बोळके मोहोर केलेला निकाल आत ठेवायला गेले. पायऱ्या उतरून गेल्यावर डेरबाच्या ध्यानात आले की फडके आतच राहिले. सुगडाबाईला खाली उभे करून तो परतला.

रांजणराव उठून उभे होते. गादीच्या मधोमध मोठा गडद डाग होता. गादीखालून निघालेली ओल चौथऱ्यावरून गालिच्याच्या दिशेने सावकाश चालली होती. रांजणरावांनी डेरबाला पाहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

ती पाठ डेरबाच्या ओळखीची होती.

आतल्या खोलीतून बोळक्यांची पावले ऐकू येऊ लागली. दार उघडे होते आणि आळी अजून हाकेच्या अंतरावर होती. एक हाक मारली असती तरी पुरे होते. डेरबाने बाकाखालचे फडके उचलले, तो गुडघ्यांवर बसला आणि ओल टिपून घेऊ लागला, आधी कडेने, मग मधून, जसे तो पाठमोरा बसून रोज पहाटे ऐकत आला होता तसे. समईच्या तबकातली जळल्या वातींची चिमूटभर राख त्याने वरून भुरभुरली आणि पुसून काढली. गादी उलटी घातली. पावले जवळ आली तेव्हा तेवत्या समईसमोरच त्याने ते चिंब फडके आपल्याच पोटात कोंबले.

दालन बंद करण्यापूर्वी गालिचा तपासायचा, असा बोळक्यांचा शिरस्ता होता. त्यांनी वाकून चौथऱ्यावरून तळवा फिरवला.

"कोरडं आहे, साहेब."

"असतंच," भिंतीकडे पाहत रांजणराव म्हणाले.

डेरबा बाहेर आला. खाली सुगडाबाई वाट पाहत होती. तो एकेक पायरी उतरत होता आणि त्याच्यामागे प्रत्येक पायरीवर एकेक थेंब पडत होता. घाईघाईने चार पायऱ्या चढून तिने सवयीने कमरेला हात घातला. फडके तिथे नव्हते.