कमळ सुकतं कुठे?

फार पूर्वी, निरोपसुद्धा माणसाच्या पायांनीच चालत जायचा, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगरमाथ्यावर वैद्यांचं नगर होतं. तिथली औषधं दूरदूरच्या गावांना जात. नगरातून तीन वाटा उतरत: उत्तरेची खिंड, पूर्वेचा घाट आणि दक्षिणेची रानवाट. खालच्या गावांना तिन्ही वाटांनी पोहोचता यायचं, आणि प्रत्येक वाटेवर वेगळा तांडा माल वाहायचा.

रोज सकाळी तिन्ही तांड्यांचे नाईक नाक्यावर उभे राहून आपापल्या वाटेवरची गावं मोठ्यानं सांगत. कुठला माल कोणत्या वाटेनं जाणार हे नाकेदार ठरवायचा; तो ती गावं बोटांवर मोजायचा. ज्या वाटेवर गावं कमी, तिकडे माल. त्याच्या बापानं असंच केलं होतं आणि आजोबांनीही.

नाकेदाराची भाची त्याच्याच घरी वाढली होती. तिला हे मोजणं पाहिलं की चीड यायची.

"मामा, खिंडीतून एका वेळी एकच बैल जातो. मागे सगळे ताटकळतात."

"पण नदीकाठच्या गावाला जाताना खिंडीत गावं दोनच लागतात. घाटात पाच. मोजता येतं ना तुला?"

"गावं मोजून बैल पळत नाहीत, मामा!"

"हिला कुणीतरी उपमा द्या रे," मामा हसून म्हणाला, "तोंड तरी भरलेलं राहील."

भाचीनं उपमा खाल्ला, पण हट्ट सोडला नाही. तिनं तिन्ही नाइकांना गळ घातली, "नदीकाठच्या गावच्या तळ्यातलं एकेक कमळ मला आणा."

खिंडीतून आलेलं कमळ मान टाकून आलं. रानवाटेनं आलेल्याच्या पाकळ्याच गळाल्या होत्या. पाच गावं ओलांडून घाटानं आलेलं मात्र टवटवीत होतं.

"त्या खिंडवाल्यानं उन्हात ठेवलं असेल," मामा म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

आणि एके दिवशी नदीकाठच्या गावात तापाची साथ आल्याची बातमी आली. भाचीची थोरली बहीण त्याच गावात दिली होती. तीही तापानं फणफणली होती.

मामाचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं औषधाचं पोतं भरलं आणि सवयीनं खिंडीच्या नाईकाला हाक मारली.

भाची सरळ पोत्यावर जाऊन बसली. "हे घाटानं जाईल. खिंडीतून न्यायचं असेल तर माझ्यासकट उचला."

"अगं, ताई तुझी तशी माझीही भाचीच आहे!"

"म्हणून तर सांगतेय. ते कमळ आठवा."

मामानं एकदा खिंडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाला, "घाटानं."

भाचीला इतका जोर चढला, की ती ओरडली, "आता सगळाच माल घाटानं!"

"थांब, शहाणे," मामानं तिचा हात धरला. "सगळे बैल तिकडे घातलेस तर घाटही तुंबेल आणि ताईचं औषध त्यातच अडकेल. साथीच्या गावाचं तेवढं घाटानं. बाकीच्यांचं खिंडीनं आणि रानवाटेनं जाऊ दे."

हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती उठून पोतं घाटाच्या बैलावर चढवायला लागली. तिनं मामाचं इतक्या लवकर ऐकणं क्वचितच घडे.

पोतं गेलं. घाटाचा नाईक ते पोहोचवून तसाच पुढच्या मुलखात जाणार होता. मग सुरू झालं वाट पाहणं. भाची नाक्यावरून हलेना, मामा जेवेना. निरोप काही येईना.

शेवटी नदीकाठच्या गावाहून एक दमलेला गडी आला, तोही खिंडीतून. "औषध वेळेवर पोहोचलं. ताई उठून बसल्या. भाताला मीठ कमी म्हणून सासूशी भांडल्याही."

मामानं उपरण्यानं डोळे पुसले. भाची मात्र गड्यावर उसळली, "मग इतका उशीर? जीव टांगणीला लागला होता आमचा!"

"खिंडीत बैलांच्या मागे अडकलो, बाई."

"घाटानं का नाही आलास?"

"तिथले नाकेदार गावं मोजून पाठवतात."

भाची खो खो हसत सुटली. "मामा, तिथेही कुणाचा तरी मामा बसलाय!"

मामा ओशाळून हसला. "आपण काय कुठून पाठवायचं, ते आपल्या हातात. त्यांनी कुठून पाठवावं, ते त्यांच्या. पण थांब, त्या मामालाही एक कमळ पाठवू. मान टाकलेलं."

घाटाचा नाईक परतला, त्या सकाळी तिघेही नाईक नेहमीसारखे गावं सांगू लागले. मामानं बोटं मिटून घेतली.

"गावं राहू देत," तो म्हणाला. "मागचा माल कसा पोहोचला, ते आधी सांगा."

बाजूला उभी असलेली भाची लगबगीनं पुढे आली. तिनं मामाच्या पुढ्यात उपम्याची वाटी सरकवली.

तात्पर्य: वाट किती जवळची म्हणतात यावर जाऊ नये, तिच्यावरून गेलेलं कसं पोहोचतं ते पाहून ती निवडावी.