न फाटलेली विजार

खाणीतली माणसं नुकतीच जाड निळ्या कापडाच्या विजारी घालू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. भिवसेन शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिवेट ठोकून एक विजार शिवली. ती फाटत नाही हे दाखवायला त्याने भरबाजारात तिच्या दोन पायांना आपले दोन बैल उलट्या दिशांना जुंपले. चांद्या आणि हौशा जन्मभर एकाच जोखडात चालले होते. एकमेकांविरुद्ध त्यांनी पहिल्यांदाच जोर लावला. विजार फाटली नाही. तशा विजारी भराभर खपल्या.

गोठ्यात आल्यावर चांद्या म्हणाला, "आज तू मला जागचं हलू दिलं नाहीस. एवढा जोर अंगात होता, तर चढावर गाडी ओढताना तो कुठं जायचा?"

"तेच मी तुला विचारणार होतो," हौशा म्हणाला.

काही दिवसांनी शिंप्याने विजारींनी भरलेली गाडी जुंपली. चढ लागला. दुसऱ्याने आधी जोर लावावा म्हणून दोघेही एकमेकांकडे तिरकं बघत थांबले. शेवटी नवी विजार घातलेला शिंपी स्वतः चाकाला खांदा लावून घामाघूम झाला. विजारीची एक शिवणही उसवली नाही. गाडी मात्र जागची हलली नाही.